साडेतीन फुटांवरून

डॉक्टरांनी लेकीचं वजन केलं, जीभ बघितली, नखं बघितली आणि मग खुर्ची आमच्याकडे वळवून विचारलं, "संध्याकाळी पाच वाजता घरात खायला काय असतं?"

आम्ही नवरा-बायको तक्रारींची यादी पाठ करून गेलो होतो. भाकरी खात नाही. पालेभाजी दिसली की ओठ मिटते. वरणभाताचा घास गालात धरून अर्धा तास बसते. ही सगळी यादी ती काय खात नाही याची होती. घरात काय असतं, हा प्रश्न आमच्या अभ्यासात नव्हता.

"सगळंच असतं की," बायको म्हणाली.

"असतं, पण कुठं असतं?"

याला उत्तर सुचेना. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं नाही. (मला जरा फसवल्यासारखं वाटलं. फी तर दिली होती.) मूल ठणठणीत आहे म्हणाले, फक्त एकदा तिच्या उंचीवर बसून घर बघा.

आमची लेक सहा वर्षांची, साडेतीन फुटांच्या जरा वर. त्या रविवारी दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात गुडघ्यांवर उभा राहिलो. जुळे सोलापुरातला हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मला पाठ आहे असा माझा समज होता. खालून तो वेगळाच निघाला. ओट्यावरचं काही दिसेना, नुसती ग्रॅनाइटची कड. डाळिंबं फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात, काळ्या पिशवीत, पिशवीला गाठ. शेंगदाणे वरच्या कपाटात, कारण मुंग्या. गूळ त्याच्याही वर. भाकरीची दुरडी ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात, वरून फडकं. आणि डोळ्यांच्या रेषेत, बरोबर समोर, ट्रॉलीचा वरचा खण. बिस्किटांचे पुडे, कुरकुरीत पाकिटं, दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीचा डबा. एका बोटानं सरकतो. हा खण आम्हीच तिला नेमून दिला होता, तिचं तिला घेता यावं म्हणून. तिनं घेतलं.

डाळिंबांचं मला जास्त लागलं. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र जिथं केगावला आहे, तिथलं पोर डाळिंब मागत नाही, कारण त्याला ते दिसतच नाही. दिसलं तरी सोलून कोण देणार? पाकीट दातानं फाटतं.

मग साहजिकच पुढचा विचार आला, की मी कसा भाकरी खाणारा झालो.

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. पहाटेपासून यंत्रमागांची खडखड. ती थांबली की वीज गेली असं समजायचं. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी टॉवेलच्या कडा शिवायची. गल्लीत बहुतेक घरं तेलुगू पद्मशाली विणकरांची, मधेच चार कन्नड लिंगायतांची, टोकाला दोन-तीन मुसलमानांची, आणि आम्ही. दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत एकच प्रश्न भाषा बदलत यायचा. "तिन्नावा?" "ऊट आयता?" "खाना खाया क्या रे?" आई तेवढी विचारायची नाही. "हातपाय धू आधी" म्हणायची. तिला माहीत असायचं, नाही खाल्लेलं.

त्या गल्लीत एक पालेभाजी तीन नावांनी शिजायची. आमच्याकडे अंबाडी, कन्नड घरात पुंडी पल्ल्या, तेलुगू घरात गोंगुरा. आई त्यात ज्वारीच्या कण्या टाकून पळीवाढी करायची आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. शेजारच्या अक्कांकडे तिची लाल मिरची घालून जहाल चटणी व्हायची, गरम भातावर तेलासोबत. कन्नड काकूंकडे डाळ पडायची. जुडी मात्र एकच असायची, एकीनं मंडईतून आणलेली, तिघींनी पायरीवर बसून निवडलेली. मी अंबाडी खायला शिकलो असं कुणी म्हटलं तर मला हसू येईल. आज आपल्या घरी नको म्हटलं, तर उद्या शेजारच्या दारात तीच आंबट बाई वेगळं लुगडं नेसून उभी. पळून जाणार कुठं?

पुढं वाचनात आलं, की नवी चव लहान मुलाला आपली वाटायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही जिभेवर यावी लागते. दोन ते सहा वर्षं हे वय तर नव्या पदार्थाला बिचकायचंच असतं. आम्ही दोनदा देतो, तिसऱ्यांदा चिडतो आणि "हिला नाही आवडत" असा शिक्का मारून मोकळे होतो. आमच्या गल्लीत पंधरा वेळा व्हायला अंबाडीचा एक हंगाम पुष्कळ झाला.

संध्याकाळी पाच वाजता काय असायचं, तर कडक भाकरी. ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांना ती शिळी वाटेल. तसं नाही. ज्वारीची भाकरी हाताला जमेल तितकी पातळ थापायची, तव्यावरून उतरली की आचेशेजारी उभी करून पार पापडासारखी होईपर्यंत वाळवायची. दिवसच्या दिवस टिकते. दुरडीतून घेतली, गुडघ्यावर मोडली, कटकन आवाज आला की ठीक. तिच्यावर शेंगाची चटणी, चटणीवर दह्याचा नाहीतर तेलाचा ठिपका. चटणी उखळात कुटलेली. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो, उखळात तिला तेल सुटतं, यावर सोलापुरात वाद घालायला कुणी तयार होणार नाही. आम्ही चार पोरं ओट्यावर बसून कुर्रम कुर्रम सुरू झालो की समोरच्या मागाशी जुगलबंदी चालायची.

ही भाकरी काही कुणाच्या आवडीनिवडीतून आलेली नाही. जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. काळी माती परतीच्या पावसाची ओल पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. गव्हाला पाटपाणी लागतं, ते कुठून आणणार? म्हणून ज्वारी, म्हणून भाकरी, आणि बाहेरगावी जाताना टिकावी म्हणून कडक भाकरी. पुढं उजनीचं पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाने आले. रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागले आणि चपाती रोजची झाली. आईचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिथल्या ज्वारीला २०१६ साली मानांकन मिळालं तेव्हा मी तिला समजावून सांगितलं, की तुमची ज्वारी चांगली आहे हे सरकारनं मान्य केलंय.

"आता कळलं व्हय त्यांना," ती म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

इथपर्यंत लिहिलं आणि मला माझाच संशय यायला लागला. गल्ली, उखळ, चार भाषा, सगळं खरं आहे. पण कोपऱ्यावरच्या दुकानात बरण्याही होत्या. पिवळ्या नळ्या होत्या, बोटांत अंगठीसारख्या घालून एकेक खायच्या. लिमलेटच्या गोळ्या होत्या, क्रीमची बिस्किटं होती. वडिलांच्या शर्टाच्या खिशातून मी दोनदा पैसे काढले ते काही भाकरीसाठी नव्हेत. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत वर्षातून एकदा हातावर पैसे पडायचे, तेव्हा त्यांचं मी काय केलं? रंगीत सरबत, जिलेबी, पुन्हा रंगीत सरबत. बरणी आणि मी यांच्यामध्ये माझं शहाणपण कधीच नव्हतं. रिकामा खिसा होता. भाकरी आवडायची तेवढी माझी लायकी नव्हती, मी फक्त भाकरीच्या घरातलं पोर होतो.

आणि ट्रॉलीतला तो खण नेमून देताना माझ्या डोक्यात नेमकं काय होतं? हात न पोचणारी ती बरणी. माझ्या पोरीचा हात पोचावा.

खण भरायचं काम मात्र आई करते. रोज संध्याकाळी खाली मारुतीला जाते आणि येताना पदराखाली पाच रुपयांचं पाकीट असतं. दुकानात या पाकिटांच्या लडी दारालाच टांगलेल्या, अगदी पोरांच्या नाकासमोर. पाच रुपये गेली कित्येक वर्षं पाचच आहेत, आतला माल तेवढा कमी होत गेला. यावरून आमच्या घरात भांडणं झाली आहेत. मी तेलाचं, मिठाचं सांगतो, ती ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी परत पाकीट. एकदा माझा आवाज चढला तेव्हा तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठमोरीच बोलायला लागली.

बहात्तरच्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. तिची आई खडी फोडायच्या कामावर, ही धाकट्या भावाला काखेत मारून सोबत. खायला मिलो. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. "भाकरी थापायला गेलं की चिरायची. ना वास, ना चव. जनावरंबी तोंड फिरवायची." कामावर पोरांना सुकडी मिळायची. पिठाची, गुळाची ती कोरडी भुकटी. ती पदराच्या टोकाला बांधून दिवसभर चिमूट चिमूट खायची. एक दिवस मुकादमाचा पोरगा बिस्कीट खात आला. बिस्कीट हा पदार्थ आईनं तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्याच्यावर नक्षी होती.

"दिलं का त्यानं?"

"कशाला देईल?"

मंगळवेढ्याची माणसं दामाजीपंतांची गोष्ट अभिमानानं सांगतात. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली. आईही सांगते, लेकीला झोपवताना सांगते. कोठार उघडून देणं हे तिच्या लेखी माणसानं करायचं सगळ्यात मोठं काम. आमच्या ट्रॉलीतला खण १९७२ सालीच भरायला घेतला गेला होता, हे मला त्या दिवशी कळलं. भाकरी त्या नादात थोडी करपली.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या एका डॉक्टरबाईंनी १९२०च्या दशकात एक प्रयोग सुरू केला होता. नुकतं वरचं खायला लागलेली बाळं घेतली आणि त्यांच्यापुढे तीसेक पदार्थ मांडले. फळं, भाज्या, धान्यं, दूध, अंडी, मांस, सगळं साधं शिजवलेलं नाहीतर कच्चं. दाईला सक्त ताकीद होती, की आग्रह करायचा नाही, शाबासकी द्यायची नाही, बाळानं हात केला तरच चमचा पुढे करायचा. पोरांनी काय वाटेल ते खाल्लं. एखादं एका वेळी नुसतीच अंडी खायचं, एखादं नुसतीच केळी. पण महिन्यांचा हिशेब मांडला तर सगळी धडधाकट वाढली. हा प्रयोग ऐकून लोक म्हणतात, बघा, मुलांना कळतं, सोडून द्या त्यांच्यावर. डेव्हिसबाईंनी मात्र १९३९ साली स्वतःच सांगून टाकलं, की गंमत पदार्थांच्या यादीत आहे. त्या मांडणीत साखर नव्हती, पाव नव्हता, डबाबंद काही नव्हतं. पोर काहीही उचलो, वाईट उचलायची सोयच नव्हती.

पण ही यादी एकट्या घराच्या हातात कुठं असते? बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दक्षिण सोलापूर तालुक्यात. दुपारी पोषण आहार. पहिली ते पाचवीच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ, ताटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं यावीत असा हिशेब. तिच्या वर्गातल्या एका पोराची आई दर महिन्याला येऊन सांगते, मॅडम, घरी मटकी वाढली की ताट सरकवतो. शाळेत तोच मटकीची खिचडी दुसऱ्यांदा मागतो. रांगेत डावीकडचा खातोय, उजवीकडचा खातोय, समोरचा पातेल्याकडे बघतोय. १९८०मध्ये लीॲन बर्च या अमेरिकन संशोधिकेनं बालवाडीतल्या पोरांवर हेच करून बघितलं. एक भाजी न आवडणाऱ्या मुलाला ती आवडणाऱ्यांच्या टेबलावर बसवलं, आणि थोड्याच दिवसांत ते मूल तीच भाजी उचलायला लागलं. कुणी उपदेश केला नव्हता.

ही रांग उलटीही चालते. आमची लेक शहरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. बायकोनं एकदा हौसेनं डब्यात भाकरीचा चुरमा दिला, तूप-गूळ घालून. डबा तसाच परत. "याचा वास येतो म्हणाली ती," एवढंच लेक बोलली. ती म्हणजे कोण ते सांगितलं नाही. त्यानंतर डब्यात भाकरी गेली नाही. पोरीला पोटात असताना तिच्या आईनं शेंगाची चटणी वाटीनं खाल्ली होती. लसूण खाल्ला की गर्भजलाचा वाससुद्धा बदलतो, हे १९९५ साली फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणजे हिला लसणाची ओळख जन्माआधीची. दीड वर्षाची असताना दह्यात कालवलेली चटणी बोटानं चाटायचीही. जन्माआधीची ओळख एका मैत्रिणीनं नाक मुरडल्यावर पुसली.

शाळेच्या फाटकाबाहेरचं तर बोलायलाच नको. जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षेचा नियम २०२० साली झाला. ५० मीटरला माझी पासष्ट-सत्तर पावलं होतात. मी एकदा लेकीला सोडून मोजत निघालो. नवव्या पावलाला थांबलो. माझ्या शाळेबाहेर एक म्हातारी टोपलं घेऊन बसायची, बोरं, चिंचा, आवळे, चिरलेला पेरू, वर तिखट-मीठ. मास्तर तिलाही हाकलायचे, घसा बसतो म्हणून. शेवटी ती गेलीच. तिची जागा रिकामी राहिली असती तर ठीक होतं.

डॉक्टरांचा सल्ला आम्ही मनावर घेतला. खण रिकामा केला, त्यात टरफलासकट भाजलेल्या शेंगा, गुळाचे खडे, खाली दुरडीत कडक भाकरी. फ्रिजमध्ये तिच्या हाताशी सोललेलं डाळिंब, काचेच्या वाटीत. पाकिटं माळ्यावर.

"पप्पा, माझा खण कुठं गेला?"

"हाच की."

"हा माझा नाही." दोन दिवस रडारड. तिसऱ्या दिवशी शेंगा फोडायला लागली, कारण फोडायला मजा येते. आठवड्याभरात सोफ्याखाली, गादीत, बायकोच्या पर्समध्ये टरफलं. मुंग्याही आल्या. डाळिंबाची वाटी संध्याकाळी रिकामी मिळते. भाकरीला मात्र हात नाही.

जानेवारीत आईच्या माहेरी हुरड्याला गेलो. शेतात आगटी पेटवलेली, गोवऱ्यांचा धूर, निखाऱ्यातून काढलेली कणसं मामी हातावर चोळून दाणे काढतायत, पोरांचा घोळका त्यांच्या हातावर तुटून पडलेला. आमची लेक त्या घोळक्यात घुसली आणि तिनं किती खाल्लं याचा हिशेब राहिला नाही. शेंगाची चटणीही खाल्ली, नाक गळेपर्यंत. बायकोनं माझ्याकडे बघितलं. आम्ही विजयी वीरांसारखे पिशवीभर कणसं घेऊन परतलो. दुसऱ्या दिवशी गॅसवर भाजून, चोळून, वाटीत घालून तिच्यापुढे ठेवली. तिनं वास घेतला.

"यात धूर नाही." वाटी परत.

हे तिचं बरोबरच होतं. मी चाखून बघितलं.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो. आईच्या खोलीत दिवा नव्हता, पण दोघी जाग्या होत्या. लेक अलीकडे आज्जीजवळच झोपते. दामाजीपंतांची गोष्ट अर्ध्यावर थांबलेली होती आणि अंधारात कुर्रम कुर्रम चाललं होतं. चादर बदलताना मागच्या आठवड्यात आईच्या उशीखाली एक पाकीट सापडलं होतं, ते मी काही न बोलता परत ठेवलं होतं. आणि संध्याकाळी आई दुरडीतली कडक भाकरी पदरात घेऊन खोलीत गेली, तेही मी बघितलं होतं. दारात उभा राहून बराच वेळ कान लावला. आवाजावरून काही कळेना.

"आज्जी, मला नक्षीचा तुकडा," लेक म्हणाली.

बिस्किटावर नक्षी असते. पण आई भाकरी थापते तेव्हा तिच्या कडेलाही पाचही बोटं उमटलेली असतात.